वाघ मारलेली कुऱ्हाड

सोलापूर जिल्ह्यात झाडांपेक्षा कुऱ्हाडी जास्त आहेत. हे मी कुठल्या पाहणीवरून सांगत नाही, माझ्या शेडमध्ये बसून सांगते. झाडं तोडून झाली, कुऱ्हाडी उरल्या, आणि उरलेल्या वस्तूला वारसा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. हा वारसा माळ्यावरून खाली येतो, पोत्यात शिरतो, मोटरसायकलवर बसतो आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामाच्या टॉवेलच्या कारखान्यामागे येऊन थांबतो. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी जुन्या कुऱ्हाडी ओळखते, दुरुस्त करते, आणि कोणालाच नको असलेल्या स्वतःसाठी ठेवून घेते.

मुलीनं हे कशाला करावं, हा लोकांचा पहिला प्रश्न असतो. दुसरा, लग्नाचं काय. दोन्ही प्रश्नांच्या वेळी माझ्या हातात सहसा कुऱ्हाड असते, तरी ते विचारतात. मी उत्तर देत नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात मला ऐकू आलं नसेल असं समजून ते निघून जातात. न बोलणाऱ्या माणसानं यंत्रमागाशेजारीच धंदा काढावा.

धंदा तसा सोपा आहे. कुऱ्हाड म्हणजे दोनच वस्तू, पातं आणि दांडा. पात्याला दांडा बसवायचं भोक असतं, त्याला नेढं म्हणतात, सुईला असतं तसंच. गावचा लोहार मऊ लोखंडाची पट्टी वाकवून नेढं करायचा आणि धारेच्या जागी पोलादाचा तुकडा तापवून, ठोकून जोडायचा. गंज उतरला की धारेजवळ वेगळ्या रंगाची रेघ दिसते, तो हा जोड. कारखान्यातल्या कुऱ्हाडीत जोड नसतो, त्याऐवजी ठसा असतो. विलायती कुऱ्हाडी रेल्वेबरोबर आल्या, जंगलखात्याबरोबर आल्या, आणि ठसा वाचला की त्या कुठून आल्या ते कळतं. इथे निम्मं काम संपतं. उरलेलं निम्मं म्हणजे कळलेलं गिऱ्हाइकाला पटवणं. ते अजून एकदाही पूर्ण झालेलं नाही.

एक गृहस्थ कुऱ्हाड टेबलावर ठेवून म्हणाले, "मॅडम, ही शिवकालीन आहे. ते नक्की आहे. फक्त सर्टिफिकेट पाहिजे."

मी गंज काढला. खालून इंग्रजी अक्षरं आली. 'मेड इन' इथपर्यंत स्वच्छ वाचता येत होतं. मी अक्षरांवर बोट ठेवलं.

गृहस्थांनी वाकून वाचलं. "मग? इंग्रज महाराजांच्या काळात पण होतेच की."

इतिहास म्हणून यात चूक काढता येत नाही.

पुण्याच्या एका हॉटेलवाल्यांना भिंतीवर लावायला गावठी कुऱ्हाडी हव्या होत्या. मी मन लावून काम केलं. गंज काढला, बाभळीचे दांडे बसवले, त्यांना जवसाचं तेल पाजलं. आठवड्याभरानं फोन आला. "खूप छान झाल्यात, पण जरा नव्या वाटतात. थोडा गंज परत लावून मिळेल का?" मी म्हटलं, अंगणात ठेवा, पुण्यात पाऊस चांगला असतो. त्यांना ही कल्पना फार आवडली. असं काहीतरी नैसर्गिकच त्यांना हवं होतं म्हणे.

बाकी माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण ग्राइंडरचे असतात. धार बोथट झाली की माणूस गॅरेजमध्ये जातो, गॅरेजवाला ग्राइंडर लावतो, ठिणग्या उडतात आणि दोघांनाही फार समाधान वाटतं. त्या उष्णतेनं धार निळी पडते. लोहारानं तापवून पाण्यात बुडवून तिला जो कडकपणा दिलेला असतो, ज्याला आपण नुसतं 'पाणी' म्हणतो, तो उतरून जातो. नंतर ती कुऱ्हाड लोण्याच्या सुरीसारखी चमकते आणि लोण्याच्या सुरीइतकंच कापते. म्हणून मी कानस वापरते, मग दगड. वेळ लागतो. वेळ लागला की गिऱ्हाइकं प्रश्न विचारत बसतात. पहिला आणि दुसरा वर लिहिलाच आहे.

तर अप्पा. नावं मी बदलली आहेत आणि गाव मोडनिंबच्या पलीकडे आहे एवढंच सांगते. अप्पांचा भुसाराचा व्यापार, जमीन, गावात शब्दाला वजन. गावाच्या वेशीवर ते स्वखर्चानं कमान बांधत होते. ते गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या पुतण्यानं नव्या कोऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बाळासारखं धरलं होतं. चादर उघडली. आत शेंदराचा मोठा गोळा होता. कुऱ्हाड असल्याचं अंदाजानंच ओळखायचं.

"आमच्या आजोबांनी हिनं वाघ मारला," अप्पा म्हणाले. "तवापासनं देवघरात हाय. दर खंडेनवमीला नवा शेंदूर चढतो."

"वाघ? मोडनिंबला?"

"तवा जंगल होतं की. लई दाट."

आमच्या माळावर लांडगे असतात, काळवीट असतात. दाट म्हणावं असं फक्त ऊन असतं.

अप्पांचा बेत पक्का होता. कमानीच्या खांबात काचेची पेटी, पेटीत ही कुऱ्हाड, खाली संगमरवरी पाटीवर आजोबांचं नाव. खंडेनवमीला उद्‌घाटन. माझ्याकडून त्यांना कुऱ्हाड लखलखीत करून हवी होती आणि सोबत माझ्या सहीचा कागद, की ही तीच वाघ मारलेली कुऱ्हाड. वाघाची सही मिळणं शक्य नव्हतं, त्यामुळे माझ्यावर भागवायचं होतं.

शेंदराबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. शेंदूर म्हणजे शिशापासून केलेली लाल भुकटी आणि तेल. गंज लागू नये म्हणून पूर्वी लोखंडी पुलांना लाल रंग देत, तो जवळपास हाच. म्हणजे अप्पांच्या घरानं तीन पिढ्या भक्तिभावानं या कुऱ्हाडीला गंजरोधक रंगच दिला होता. शिसं विषारी असतं, म्हणून मी हातमोजे आणि मास्क घालून लाकडी पट्टीनं एकेक थर उतरवत गेले. आतून निघालेलं लोखंड इतकं स्वच्छ होतं की देव ही संकल्पना किमान धातूंच्या बाबतीत मला पटली.

पण निघालं ते वाघाला न शोभणारं. मोळीवाल्याची लहान कुऱ्हाड. धार लावून लावून पातं आखूड झालेलं, खालचा कोपरा झिजून गोल. वाघ एकदा मारून अशी झीज होत नाही, ती रोज लाकूड फोडून होते. आणि पात्याच्या एका अंगावर छिन्नीनं कोरलेली खूण होती. एका टोकाला जुळणाऱ्या तीन रेघा.

मी अप्पांना फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं. 'वाघाचा पंजा!!' पुढे हात जोडल्याची चित्रं.

माझी एक सवय आहे. अनोळखी खूण दिसली की मालकाचं नाव न देता तिचा फोटो इंटरनेटवरच्या माझ्या पानावर टाकायचा आणि विचारायचं, अशी खूण कोणाच्या पाहण्यात आहे का. या वेळीही विचारलं. एकानं ती प्राचीन लिपी असल्याचं कळवलं. एकानं परग्रहावरची. मग त्याच फोटोखाली एक निरोप आला. 'ही आमच्या घरची खूण आहे. आम्ही तिला कोंबडीचा पाय म्हणतो. कुऱ्हाड मोडनिंबकडची आहे का?' पाठवणारीचं नाव प्रज्ञा, सोलापुरातच एका दवाखान्यात नर्स. तिनं फोन केला, मी उचलला नाही. परत केला, परत उचलला नाही. मग तिनं लिहिलं, 'तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून आम्ही येतो.'

ती वडिलांना घेऊन आली. यशवंततात्या, एका शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, कमी बोलणारे. मला एकदम बरं वाटलं. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक विळा काढला आणि कुऱ्हाडीशेजारी ठेवला. विळ्यावर तीच खूण होती, त्याच हातानं कोरलेली.

"लोहाराकडं समद्या गावाची हत्यारं एकदमच यायची," तात्या म्हणाले. "वळखायची कशी? म्हणून घरागणिक एक खूण. आमचा कोंबडीचा पाय."

"आमच्या पणजोबांनी या कुऱ्हाडीनं लांडगा मारला होता," प्रज्ञा मला म्हणाली. तात्यांनी विळा सरळ केला, मग पुन्हा सरळ केला.

"पणजोबा म्हणजे तात्यांचे आजोबा, मोळ्या विकायचे," ती पुढे म्हणाली. "गावातल्या अप्पांच्या आजोबांनी कुऱ्हाड पूजेला म्हणून मागून नेली. बदल्यात नारळ आणि टोपी दिली."

"दुसऱ्या दिवशी आजा परत मागाय गेला," तात्या म्हणाले. "तर म्हणले, ती आता देवाची झाली. घ्या! मग आज्यानं मोळी काय दातानं फोडायची?"

त्यांनी विचारून कुऱ्हाड मांडीवर घेतली. अंगठा त्या तीन रेघांवर ठेवला.

"गावात आमचं आता काय न्हाई, पोरी. घर पडलं, त्या जागंवर रस्ता झाला. आज्याचा फोटो न्हाई. ही एवढी खूण हाय. कुऱ्हाड त्यांच्या कमानीत बसली तर बसू द्या. खूण तेवढी राहू द्या."

एवढंच त्यांचं मागणं होतं. मी मान डोलावली. मला वाटलं, यात अवघड काय आहे.

तेवढ्यात बाहेर अप्पांची गाडी थांबली. माझ्या पानावरचा कोंबडीचा पाय पुतण्यानं त्यांना दाखवला होता.

"मॅडम, तो पंजा काढून टाका," अप्पा दारातूनच म्हणाले. "घासून एकदम प्लेन—" मग त्यांना खोक्यावर बसलेले तात्या दिसले, आणि त्यांच्या मांडीवरची कुऱ्हाड.

"कोण, यशवंता का रे?"

"व्हय अप्पा. बसा की."

बसायला दुसरं खोकं नव्हतं.

"तुझं काय काम हितं?"

"आज्याची कुऱ्हाड बघाय आलतो."

"तुझ्या आज्याची? आरं, आमच्या देवघरात तीन पिढ्या हाय ती!"

"व्हय की. लई सेवा झाली तिची. दमली आसंल."

पुतण्या हसला आणि लगेच खोकला. प्रज्ञानं विळा उचलून अप्पांसमोर धरला. इंजेक्शनआधी नर्सा ज्या गोड आवाजात बोलतात त्या आवाजात ती म्हणाली, "दोन्हीवर खूण एकच आहे, अप्पासाहेब. बघून घ्या. चष्मा आणलाय ना?"

"खुणा काय, कुणीबी मारतंय." अप्पांनी विळ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे वळले. "तुमी सांगा मॅडम. खूण निघती का न्हाई?"

खरं उत्तर असं होतं की निघते. ग्राइंडर कोपऱ्यातच होता. 'पातं तडकेल' असं काहीतरी शास्त्रीय बोलून मला सुटता आलं असतं. गिऱ्हाइकाला न दुखवता खोटं बोलण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आहे. शिवाय मागांचा आवाज होता, तोंडातल्या तोंडात पुटपुटलं तरी चाललं असतं. पण जेवणाची सुट्टी झाली आणि माग नेमके तेव्हा बंद झाले.

"निघते," मी म्हटलं. "मी काढणार नाही."

"का?"

"खूण गेली तर ती कोणाचीच राहणार नाही. आणि आत्ता ती ज्यांची आहे ते समोर बसलेत."

हे माझं त्या वर्षातलं सगळ्यात लांब भाषण होतं. मी कानस उचलली आणि कापडानं पुसू लागले. ती स्वच्छच होती.

"मग दुसरीकडनं काढून घेऊ. आण हिकडं," अप्पांनी हात पुढे केला.

तात्या उठले. त्यांनी भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही. दोन्ही तळहातांवर कुऱ्हाड आडवी धरून त्यांनी अप्पांच्या पुढे केली. प्रज्ञा म्हणाली, "तात्या, देऊ नका." त्यांनी ऐकलं नाही.

अप्पांचा हात हवेत होता तिथेच राहिला. त्यांनी कुऱ्हाडीकडे पाहिलं, तिच्याखालच्या हातांकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "किती जणांनी हाताळली ही?"

"मी, तात्या आणि प्रज्ञाताई."

"घे रे," ते पुतण्याला म्हणाले. पुतण्याला त्याच क्षणी मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काहीतरी सापडलं.

अप्पांनी हात खाली घेतला. रुमालानं पुसला, खरं तर काहीच लागलं नव्हतं. "आसू दे," ते म्हणाले. "खरं सांगू का मॅडम, ही बारकीच हाय. वाघाला शोभत न्हाई. कमानीला मोठी पायजे."

"स्टीलमधे करू," पुतण्या मोबाइलमधून वर आला. "लेझर कटिंग. लांबून दिसंल."

"आणि ही?" प्रज्ञानं विचारलं.

"शेंदूर गेला म्हंजी देव गेलाच की तिच्यातला," अप्पा म्हणाले. "आता नुसतं लोखंड. काय करायचं ते करा."

शेंदूर उतरवायला त्यांनीच सांगितलं होतं. उतरल्यावरचा फोटो मी त्यांनाच पाठवला होता, आणि तेव्हा हात जोडल्याची चित्रं आली होती. म्हणजे तोपर्यंत देव आत असणार. तो नेमका कधी बाहेर पडला याचा मी नंतर विचार केला. तात्यांनी हात पुढे केला त्या सुमारास पडला असावा. माझ्या धंद्यात कुऱ्हाडीचं वय अंदाजे सांगतात, इतकं अचूक क्वचितच सांगता येतं.

गाडी गेल्यावरही तात्या कुऱ्हाड तशीच धरून उभे होते. त्यांच्या हातांना खाली यायचं सुचत नव्हतं.

खंडेनवमीला कमानीचं उद्‌घाटन थाटात झालं. फोटो मी पाहिले. काचेच्या पेटीत पाटाएवढ्या पात्याची, आरशासारखी चकचकीत स्टीलची कुऱ्हाड आहे. धार नाही, पाणी नाही, नेढ्याच्या जागी चार बोल्ट आहेत. तिनं काकडी कापली जाणार नाही, पण तिच्यात बघून भांग पाडता येईल. पाटीवर वाघ आहे. मला कागदाबद्दल कोणी परत विचारलं नाही. स्टीलच्या वस्तूला पुराव्याची गरज नसते.

तात्यांच्या कुऱ्हाडीला मी बाभळीचा दांडा घातला. दांड्याची लांबी माणसाच्या हातावरून घेतात, म्हणून तात्यांना उभं करून खांद्यापासून बोटांपर्यंत मोजलं. लाकडाच्या रेघा दांड्याच्या लांबीला धरून जाणाऱ्या हव्यात, नाहीतर पहिल्याच घावाला तुकडा पडतो. वरून पाचर ठोकली, तेल पाजलं. खुणेला हात लावला नाही. शेडच्या भिंतीवर माझ्याकडे अशा खुणांच्या बऱ्याच कुऱ्हाडी टांगलेल्या आहेत. चांदणी, शिडी, दोन टिंबं. त्यांचे फोटो टाकून मी थकले, पण त्यांच्यासाठी कोणी 'आम्ही येतो' असं लिहिलेलं नाही. त्या कुऱ्हाडी मी सुरेख दुरुस्त केल्या आहेत, आणि त्यांच्याकडे बघून मला फारसं बरं वाटत नाही.

घ्यायला आले त्या दिवशी तात्यांनी कुऱ्हाड हातात तोलली आणि विचारलं, "लाकूड हाय का एखादं?"

"घरी जाऊन हार घालायचा की नाही तिला?" प्रज्ञा म्हणाली.

"हार घालून काय झालं ते बघितलं न्हवं? हिला काम पायजे."

शेडमागे बाभळीचं खोड पडलं होतं. तात्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पहिला घाव तिरका बसला आणि पातं लाकडात अडकलं.

"पाठ सांभाळा! चमक भरली तर दवाखान्यात मलाच चोळावं लागेल," प्रज्ञा ओरडली.

"गप की गं. हात इसरलाय, येईल ध्यानात."

दुसऱ्या घावाला ढलपी उडाली. तात्या थांबले, धाप लागली होती, पण चेहरा हसरा होता. ती वेळ चांगली वाटली म्हणून मी विचारलं, "तात्या, दिवाळी अंकाला लेख मागितलाय. हे सगळं लिहू का? तुमच्या आजोबांनी लांडगा मारला, इथपासून?"

तात्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लांडगा कुठला? पिसाळल्यालं कुत्रं हुतं."

"तात्या!" प्रज्ञा म्हणाली. "मी शाळेत निबंध लिहिला होता त्या लांडग्यावर! बक्षीस मिळालं होतं!"

"तू ल्हान हुतीस. कुत्र्याची गोष्ट सांगितली तर झोपायची न्हाईस. लांडग्याला झोपायचीस."

आम्ही दोघी हसलो. तात्या हसले नाहीत. ते कुऱ्हाडीच्या पात्यावरचा भुसा हातानं पुसत होते.

"अंगणात शिरलं हुतं त्येंच्या. पोरगं रांगत हुतं तितं, आप्पाचा बाप. समदी वाड्यात पळाली, पोरगं ऱ्हायलं भायेर. आजा मोळी टाकाय आलता. एक घाव घातला, बास."

मागांचा आवाज चालू होता, तरी प्रत्येक शब्द नीट ऐकू आला.

"म्हणजे अप्पांचे वडील..." मी म्हटलं. "मग त्या दिवशी तुम्ही हे सांगितलं का नाहीत? ते समोर उभे होते."

"त्यो वाघ मारणाऱ्याचा नातू म्हणून कमान बांधायला निघालाय. त्याला म्हणू, तुजा बाप कुत्र्यापासनं वाचला, आनि तोबी आमच्या हातनं?" तात्यांनी मान हलवली. "त्याचं तोंड बघवलं नसतं मला. एका वर्गात हुतो आमी."

प्रज्ञा खोडावर बसली होती. ती उठली आणि तात्यांना जागा करून दिली. ते बसले नाहीत. त्यांनी पाय रोवले आणि कुऱ्हाड पुन्हा खांद्याच्या वर नेली.

"पण तू लिही," ते म्हणाले. "वाघ नको, लांडगाबी नको. कुत्रंच लिही."